संसाराचा जमाखर्च : विजेची दुचाकी आणि विठे घाट

गेल्या महिन्यात आमच्याकडे जी पत्रे आली, त्यांत अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथून एका वयोवृद्ध गृहस्थांचे चार पानी पत्र आहे. अक्षर वळणदार, मजकूर मुद्देसूद आणि प्रश्न वरवर पाहता अगदी साधा. ‘एक लाख रुपयांच्या आत मिळणारी विजेची दुचाकी आमच्या घाटात रोज चालेल काय?’ एवढेच ते विचारतात. परंतु पत्र पुढे वाचीत गेले म्हणजे ध्यानात येते की, प्रश्न दुचाकीचा असला तरी त्याच्या उत्तरावर एका भरल्या घराची पुढील घडी अवलंबून आहे.

हकीकत अशी. त्यांच्या धाकट्या सूनबाईंस राजूर येथे शिक्षिकेची जागा मिळाली आहे. अकोल्याहून राजूर सुमारे २२ किलोमीटर. मध्ये विठे घाट. चिरंजीवांचे दुकान अकोल्यात असल्यामुळे त्यांस गाव सोडता येत नाही. नातू चार वर्षांचा असून आजीच्या अंगावरचा आहे. सकाळची एस. टी. ठीक मिळते, परंतु सायंकाळी शाळा सुटल्यावर एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी तिष्ठत बसावे लागते आणि घरी दिवेलागण होऊन जाते. म्हणून घरात दोन मते झाली आहेत. एक मत असे की, सूनबाईंनी राजुरास खोली घेऊन राहावे आणि शनिवार-रविवारी घरी यावे. दुसरे मत असे की, एक दुचाकी घ्यावी म्हणजे घर मोडावयास नको. पेट्रोलचा खर्च झेपत नाही, तेव्हा विजेची घ्यावी; पण ती घाटात धापा टाकून बसली तर? सासूबाईंचा जीव तेवढ्यासाठी खालीवर होत आहे.

असेच प्रश्न थोड्याफार फरकाने आम्हांस पाथर्डीकडच्या करंजी घाटातून जाणाऱ्या एका वाचकांनी व नगरहून इमामपूर घाटाच्या पलीकडे नोकरीस जाणाऱ्या दुसऱ्या एका वाचकांनी विचारले आहेत. तेव्हा या महिन्याचा जमाखर्च याच विषयाचा मांडावा असे आम्ही ठरविले.

प्रथम एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वाहनांच्या बाबतीत हा जिल्हा मागासलेला नाही. सरकारी एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे ते अहमदनगर याच रस्त्याने. पुढे १९७२ साली फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीने ‘लूना’ ही पन्नास सीसीची छोटी गाडी बाजारात आणली आणि ज्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांस स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागत असे, त्यांच्या दारात प्रथमच स्वयंचलित वाहन उभे राहिले. फिरोदिया घराणे मूळचे नगरचेच. त्या लूनेस पायडल होते. चढ आला की स्वार पाय मारून इंजिनास हातभार लावी. आमच्या पिढीतील कित्येक वाचकांच्या पोटऱ्यांस त्याची आठवण असेल. त्याच नावाची विजेवर चालणारी लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली. वाहनांची अधिकृत परीक्षा करणाऱ्या ज्या थोड्या संस्था देशात आहेत, त्यांतील संरक्षण खात्याची एक संस्था नगरजवळच्या वाहननगर येथे आहे. सारांश, गाडी बनविणारे आणि तपासणारे दोघेही ज्या जिल्ह्यात आहेत, तेथील वाचकाने गाडी घेताना केवळ जाहिरातीवर विसंबू नये, एवढी अपेक्षा करण्यास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विजेची गाडी चढ चढते ती कशाच्या बळावर, आणि त्या चढाची किंमत काय पडते?

या ठिकाणी शाळेतील पदार्थविज्ञान उपयोगी पडते. कोणतेही वजन वर उचलण्यास जे काम करावे लागते, ते वजन आणि उंची यांच्या गुणाकाराएवढे असते. रस्ता वळणावळणाचा असो की सरळ, त्याने त्यात फरक पडत नाही. गाडी ११० किलो, स्वार ६० किलो आणि दप्तर-डबा मिळून १० किलो, असे १८० किलो धरू. हे वजन १०० मीटर उंच नेण्यास सुमारे ४९ वॅट-तास इतकी ऊर्जा लागते. मोटर व तिची यंत्रणा यांत जी गळती होते ती मिळवली म्हणजे बॅटरीतून सुमारे ६० वॅट-तास खर्च होतात. आता सपाट रस्त्यावर अशी गाडी किलोमीटरला सुमारे ३० वॅट-तास खाते असे धरले, तर १०० मीटर चढाची किंमत सपाटीवरील दोन किलोमीटरांएवढी झाली. मागे दुसरे माणूस बसले आणि एकूण वजन २४० किलोवर गेले की तीच किंमत जवळजवळ तीन किलोमीटर होते.

हा हिशेब वाचकांनी पाठच करून ठेवावा : एकटे असाल तर दर १०० मीटर चढामागे दोन किलोमीटर वजा करा, दोघे असाल तर तीन करा. घाट म्हटला की लोक घाबरतात. पण या हिशेबाने पाहिले तर बॅटरी संपण्याच्या दृष्टीने घाट हा काही राक्षस नव्हे. संगमनेर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि भंडारदऱ्याचा जलाशय काठोकाठ भरला म्हणजे त्याची पातळी सुमारे ७४५ मीटर असते. म्हणजे एवढ्या साऱ्या रस्त्यात निव्वळ उंचीचा फरक २०० मीटरांच्या आतबाहेर आहे; एकट्या स्वारास त्यासाठी चार किलोमीटरांची रजा द्यावी लागेल. अर्थात, मधल्या रस्त्यात गाडी उतरते आणि पुन्हा चढते. तेव्हा टोकाच्या दोन उंचींची वजाबाकी न करता वाटेतील सर्व चढांची बेरीज केली पाहिजे. खाली उतरताना चढाचे पैसे परत मिळतात असे मात्र कोणी समजू नये. त्याविषयी पुढे सांगू.

मग घाटात गाड्या बसतात त्या कशाने? त्या ऊर्जा संपल्यामुळे क्वचित बसतात. शक्ती अपुरी पडल्यामुळे बसतात. पाण्याचे पिंप केवढे मोठे आहे हा एक प्रश्न, आणि त्याची तोटी केवढी रुंद आहे हा दुसरा. बॅटरी हे पिंप होय. मोटरची शक्ती ही तोटी होय. जाहिरातीत पिंपाचे वर्णन पुष्कळ असते. तोटीविषयी मौन असते.

शंभर मीटर अंतरात आठ मीटर चढणारा रस्ता घेऊ. डोंगरी मुलखातील मुख्य रस्ते बांधताना साधारणतः वीस मीटरांस एक मीटर एवढाच चढ ठेवण्याचा प्रघात आहे. पण निरुपाय झाला तेथे तो वाढतो, आणि वाडीवस्तीवर जाणारे फाटे तर याहून उभे असतात. असल्या चढावर १८० किलोंचे ओझे ताशी २५ किलोमीटर वेगाने न्यावयाचे तर चाकाशी जवळजवळ १३०० वॅट शक्ती सतत लागते. दोघे असतील तर १६०० वॅटांच्या पुढे. ‘सतत’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. मोटरच्या कागदावर दोन आकडे असतात. एक सतत देता येणाऱ्या शक्तीचा आणि दुसरा क्षणभर देता येणाऱ्या, म्हणजे ‘पीक’ शक्तीचा. विक्रेता बहुधा दुसरा आकडा सांगतो. परंतु घाट हा क्षणाचा नसतो, काही मिनिटांचा असतो. म्हणून घाटातील माणसाने पहिला आकडा विचारावा आणि तो दीड किलोवॅटांच्या खाली असेल तर पुन्हा विचार करावा.

येथेच स्वस्ताईचा मोठा सापळा आहे. कायद्याने ज्या विजेच्या दुचाकीची मोटर २५० वॅटपर्यंतची आहे व जी ताशी २५ किलोमीटरांहून अधिक धावत नाही, तीस नोंदणी नको आणि चालविणारास परवानाही नको. असल्या गाड्या निम्म्या किमतीत मिळतात, रंगाने मोठ्या गाड्यांसारख्याच दिसतात आणि ‘परवाना लागत नाही’ हे त्यांचे भूषण म्हणून सांगितले जाते. नगर शहरात भाजी आणण्यास अथवा सपाट गावात देवळास जाण्यास त्या चांगल्याच आहेत. पण वरच्याच आठ टक्के चढावर अशी हलकी गाडी एका माणसाला घेऊन किती वेगाने जाईल? हिशेब केला तर ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाएवढा वेग निघतो.

हा हिशेब आम्ही कागदावर शिकण्यापूर्वी अंगावर शिकलो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या एका भाच्याने अशीच एक गाडी घेतली होती. ती कोणत्या कारखान्याची होती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष कारखान्याचा थोडा, घेणाऱ्याचा अधिक. एका रविवारी तीवर डबलसीट बसून आम्ही नगरहून डोंगरगणास निघालो. सपाटीवर गाडी झोकात चालली. चढ लागला तसा तिचा वेग मंदावला. मग ती कण्हू लागली. आणि शेवटी मोटर तापून तिने स्वतःच वीज तोडून घेतली. आम्ही उतरलो व गाडी ढकलीत वर नेली. एक शेतकरी बैलगाडी घेऊन शेजारून गेला. तो काही बोलला नाही; पण बैलांकडे पाहून जो हसला, त्याने आमची विद्या जागच्या जागी तपासली गेली.

तेव्हा अकोल्याच्या वाचकांस आमचे पहिले निश्चित उत्तर असे : परवाना न लागणारी गाडी तुमच्या घाटासाठी घेऊ नका. तिच्यात वाचविलेले पैसे पहिल्या पावसाळ्यातच बुडतील.

चढ चढण्याच्या सामर्थ्यासंबंधी आणखी एक खुबी सांगून ठेवतो. माहितीपत्रकात कोठे ‘सात अंश’ असे लिहिलेले असते, कोठे ‘सात टक्के’. हे दोन सारखे नव्हेत. सात अंशांचा चढ म्हणजे सुमारे १२ टक्के. सात टक्क्यांचा चढ म्हणजे अवघे चार अंश. आकडा एकच, पण चढात दुपटीला जवळ जाणारा फरक! शिवाय तो आकडा एका माणसासाठी की दोघांसाठी, हेही विचारावे.

आता पिंपाकडे, म्हणजे बॅटरीकडे येऊ. सूनबाईंचे रोजचे जाणे-येणे ४४ किलोमीटर. किलोमीटरला ३० वॅट-तास याप्रमाणे १,३२० वॅट-तास झाले. दोन्ही वेळच्या सर्व लहानमोठ्या चढांची बेरीज हात सैल सोडून ४०० मीटर धरू. त्याचे २४० मिळवले म्हणजे रोजचा खर्च १,५६० वॅट-तास, अर्थात दीड युनिटाहून थोडा अधिक होतो.

बाजारात एक लाखाच्या आतील गाड्यांच्या बॅटऱ्या स्थूलमानाने दोन युनिटांपासून तीन युनिटांपर्यंत असतात. दोन युनिटांची बॅटरी घेतली व त्यांतील दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी राखून ठेवला, तर १,८०० वॅट-तास हाती येतात. म्हणजे नवी गाडी रोजचा फेरा पुरा करील आणि आठ किलोमीटरांची शिल्लक राहील. येथेच बहुतेक खरेदीदार समाधान पावतात. पण बॅटरी ही धान्याच्या कणगीसारखी नाही. ती कणगीच दरवर्षी थोडी थोडी लहान होत जाते. काही वर्षांनी तिची धारणशक्ती ऐंशी टक्क्यांवर आली की त्याच दोन युनिटांतून फक्त १,४४० वॅट-तास मिळतील, आणि आपली गरज तर १,५६० ची आहे! अर्थात गाडी एखाद्या संध्याकाळी घरापासून चार किलोमीटरांवर राखीव साठ्यास हात घालील आणि त्याच दिवशी पाऊस व समोरचा वारा असेल तर काय होईल ते सांगावयास नको. उलट तीन युनिटांची बॅटरी ऐंशी टक्क्यांवर आली तरी २,१६० वॅट-तास देईल. रोजचा फेरा करून वीस किलोमीटर शिल्लक राहतील. म्हणून आमचे दुसरे उत्तर : नव्या बॅटरीचा हिशेब करू नका, म्हाताऱ्या बॅटरीचा करा, आणि तीन युनिटांच्या जवळपासची घ्या. ती घेण्याइतके पैसे आज नसतील तर राजुरास दुपारी गाडी चार्ज करण्याची परवानगी मिळते काय, ते आधी विचारा. ती मिळाली तर दोन युनिटांचीही पुरे होईल.

जाहिरातीत एका चार्जिंगमध्ये जे अंतर सांगतात ते प्रयोगशाळेत ठराविक चालीने मोजलेले असते. सपाट रस्त्यावरही त्याचे तीन-चतुर्थांश हाती लागले तर समाधान मानावे. घाटात त्याहून कमी.

उतारावर बॅटरी पुन्हा भरते, असे विक्रेते मोठ्या अभिमानाने सांगतात. ही गोष्ट खरी आहे. पण किती खरी? याचे उत्तम उदाहरण आमच्या पत्रलेखकांच्या तालुक्यातच आहे. घाटघर येथे २००८ साली सुरू झालेल्या २५० मेगावॅटच्या वीजकेंद्रात, विजेस गिऱ्हाईक कमी असते तेव्हा खालच्या धरणातील पाणी वरच्या धरणात चढविले जाते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज केली जाते. अशा प्रचंड यंत्रणेतही चार युनिटे घातली म्हणजे साधारण तीनच परत मिळतात. दुचाकीच्या बाबतीत तर उतरण्याची बरीच शक्ती चाकांचे घर्षण व वारा हेच खाऊन टाकतात. सौम्य उतारावर चढाच्या खर्चाचा चौथा हिस्सा परत मिळाला तरी पुष्कळ झाले. कित्येक स्वस्त गाड्यांत तर ही सोयच नसते.

यांतून एक धोका निघतो, तो फारसे कोणी सांगत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तीत आणखी वीज घालता येत नाही. म्हणून भरल्या बॅटरीने उतारास लागल्यास मोटरचा तो ब्रेक लागत नाही आणि सारा भार साध्या ब्रेकांवर येतो. जो डोंगरावर राहतो आणि सकाळी पूर्ण चार्ज करून खाली उतरतो, त्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. बॅटरी ऐंशी-नव्वद टक्केच भरावी. तीही अधिक टिकते आणि ब्रेकही.

अकोल्याच्या कुटुंबास या बाबतीत भूगोल अनुकूल आहे. राजूर प्रवरेच्या वरच्या अंगास आहे. नदी जिकडून येते तिकडे सूनबाईंस सकाळी जावयाचे आहे. म्हणजे एकंदर चढ सकाळी, बॅटरी भरलेली आणि मन ताजे असता. आणि एकंदर उतार सायंकाळी, दोन्ही थकलेली असता. ज्यांचे घर वर व कचेरी खाली आहे त्यांचे याच्या उलट होते. अर्धी रिकामी बॅटरी पूर्ण जोराने ओढीत नाही; तिचा दाब उतरतो आणि गाडी आपली शक्ती आखडती घेते. म्हणून गाडी घेण्यापूर्वी परीक्षा पाहावयाची ती दुकानाबाहेरच्या सडकेवर नव्हे. आपल्याच घाटात, मागे माणूस बसवून आणि बॅटरी तीस टक्क्यांवर आलेली असता पाहावी. जो विक्रेता यास कबूल होणार नाही त्याचे दुकान सोडावे.

आता पाऊस आणि आग. अकोल्याच्या पश्चिमेकडील पाऊस ज्याने पाहिला आहे, त्यास त्याचे वर्णन नको. चांगल्या बॅटरीच्या पेटीस पाणी न शिरण्याविषयीचा जो दर्जा देतात, त्याचा अर्थ ती मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जाऊ नये असा आहे. तो दर्जा पेटीचा असतो; चार्जर, बटणे आणि जोडण्या यांचा तो असतोच असे नाही. पुलावरून पाणी वाहत असताना विजेची काय, कोणतीच गाडी घालू नये.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या दुचाकींनी पेट घेतल्याच्या वार्ता आल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून व दुसरा मार्च २०२३ च्या अखेरीपासून लागू झाला. म्हणून जुनी गाडी स्वस्त मिळते या मोहाने त्यापूर्वी बनलेली घेऊ नये. घरातही काही पथ्ये पाळावी. घाटातून आलेली बॅटरी तापलेली असते. तीस अर्धा तास निवू द्यावे, मगच चार्जर लावावा. चार्जिंगसाठी अर्थिंग असलेले स्वतंत्र प्लग-बटण बसवून घ्यावे. माजघरातून वायर ओढून काम भागवू नये. आणि जुन्या वाड्यांत जिन्याखाली गाडी लावण्याची जी सवय आहे ती सोडावी. जिना हीच वरच्या मजल्याची एकमेव वाट असते. रात्री सर्व मंडळी निजली असता ती वाट बंद होईल अशा जागी बॅटरी भरीत ठेवू नये.

राहिला पैशाचा हिशेब. रोजचे १,५६० वॅट-तास भरण्यास, चार्जिंगमधील घट धरून, पावणेदोन युनिटे लागतील. युनिटास दहा रुपये धरले तरी साडेसतरा रुपये झाले. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते आणि लिटरला शंभर रुपये पडतात असे धरले, तर तोच प्रवास ९८ रुपयांस पडेल. रोज ८० रुपये वाचले. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षास सुमारे १७,६०० रुपये. सरकारी साहाय्याच्या भरवशावर मात्र खरेदी करू नये. जून २०२३ मध्ये ते बरेच घटले आणि पुढेही कमी होत गेले. विकत घेतेवेळी जी किंमत हातात पडेल तीच खरी. बॅटरी बदलण्यास किती पैसे पडतील व हमी किती वर्षांची आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतून दरमहा काही रक्कम त्या खात्यावर बाजूस टाकावी. जी बचत बॅटरीसाठी बाजूस पडत नाही ती बचत नव्हे, उसनवार होय.

पण तुलना पेट्रोलशीच का? मार्च २०२३ पासून स्त्रियांस एस. टी. चे अर्धे तिकीट झाले आहे. गाडीची किंमत, विमा, टायर आणि बॅटरीची झीज हे सारे मिळविले, तर एस. टी. हीच सर्वांत स्वस्त ठरते, यात शंका नाही. म्हणून हे स्पष्ट बोलले पाहिजे की, आमचे पत्रलेखक दुचाकी घेऊन पैसे वाचविणार नाहीत. ते वेळ विकत घेणार आहेत. सायंकाळचा दीड तास, नातवाच्या जेवणाआधी आई घरी येणे, आणि दोन बिऱ्हाडे न होणे, हा तो माल आहे. त्यास किती मोल द्यावयाचे हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. राजूरच्या खोलीचे भाडे आणि दुसऱ्या चुलीचा खर्च समोर मांडला तर आमच्या मते सौदा महाग नाही.

येथवर हिशेब झाला. आता एक गोष्ट अशी की, जी हिशेबात बसत नाही. पण पत्र वाचल्यापासून ती आमच्या मनास बोचत आहे. त्या चार पानांत गाडीची किंमत आहे, घाटाचे वर्णन आहे, चिरंजीवांचे मत आहे, सासूबाईंची काळजी आहे, नातवाचा हट्टसुद्धा आहे. ज्यांनी ती गाडी चालवावयाची त्या सूनबाईंचे मत मात्र एका ओळीतही नाही! त्यांस दुचाकी येते काय? घाटातून एकटे जाण्यास त्या कचरतात, की त्यांच्या वतीने इतरेजनच कचरत आहेत? राजुरास खोली घेऊन राहावे असे त्यांच्या मनात आहे, की तो विचार ऐकून त्यांच्या पोटात गोळा उठतो? पत्रलेखकांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी आम्हांस संशय नाही. त्यांच्या लेखणीतून सुनेविषयीचे कौतुक पदोपदी दिसते. परंतु आपल्या घरांची ही जुनी खोड आहे. जिच्याविषयी सर्व बैठक चालली आहे, ती स्वयंपाकघरात चहा करीत असते.

म्हणून आमचे तिसरे आणि शेवटचे उत्तर असे. येत्या सुट्टीच्या दिवशी परीक्षेसाठी गाडी मागवा. चिरंजीवांनी ती चालवून पाहू नये. सूनबाईंनी चालवावी आणि मागे सासूबाईंनी बसावे. विठे घाट चढून राजुरास जावे, तेथे अर्धा तास थांबावे आणि परत यावे. मागच्या बैठकीवर बसलेल्या सासूबाईंस घाटाची भीती किती खरी व किती ऐकीव, हे चार पानांपेक्षा त्या एका फेऱ्यात अधिक कळेल. आणि दोन माणसांचे वजन घेऊन गाडी चढली तर एकीला घेऊन ती चढेलच. गाडी पसंत पडली तर ती सूनबाईंच्या नावे घ्यावी. हेल्मेट मागच्या-पुढच्या दोघींसही असावे. आणि गाडी घेतली म्हणून एस. टी. शी वैर धरू नये. आषाढ-श्रावणात धुके दाटून पाऊस कोसळत असेल त्या दिवशी सरळ एस. टी. ने जावे, उशीर झाला तर त्या दिवशी आजीने नातवास जेवू घालावे. संयुक्त कुटुंबाचा उपयोग तो हाच.

असो. त्या फेऱ्याचे पुढे काय झाले ते आमच्या पत्रलेखकांनी अवश्य कळवावे. या वेळी मात्र पत्र सूनबाईंच्या हातचे असावे, एवढी आमची विनंती आहे. पाने चारच असली पाहिजेत असे नाही.